शब्दकोडे : आडवे, उभे आणि आपले आरोग्य

आपल्या वस्त्यांत पेपर घरोघरी येत नाही. तो हॉटेलात येतो, सलूनमध्ये येतो, टपरीवर येतो. दुपारपर्यंत त्याच्या घड्या मोडलेल्या असतात आणि आतल्या पानावरचे शब्दकोडे कुणीतरी पेनाने अर्धेमुर्धे भरून ठेवलेले असते. राजकारणाचे पान वाचून माणूस तावातावाने बोलतो, पण कोड्यापाशी आला की गप्प बसून डोके खाजवतो. हे डोके खाजवणे आरोग्याच्या पानावर लिहिण्याजोगे आहे, असे आम्हाला वाटते.

आधी थोडा इतिहास. आज आपण ओळखतो तशा प्रकारचे कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या दैनिकात छापून आले. ते आर्थर विन या लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या पत्रकाराने तयार केले होते. इंग्रजीत एका चौकटीत एकच मुळाक्षर बसते. मराठीत मात्र काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर यांसकट एक अक्षर एका चौकटीत लिहितात. 'रक्तदाब' म्हणजे र, क्त, दा, ब अशा चार चौकटी. त्यामुळे कोडे सोडवणाऱ्याचे शुद्धलेखन आपोआप सुधारते. आडवा शब्द 'मधुमेह' असेल तर त्यातल्या 'मे'पासून खाली 'मेथी' बसते, पण 'मेंदू' बसत नाही. अनुस्वार आला की चौकट बदलते. वहीभर शुद्धलेखन लिहून जे पोरांच्या ध्यानात येत नाही, ते इथे एका फटक्यात येते.

डोक्यात नेमके काय घडते? 'मलेरिया कशाने होतो?' असे विचारून चार पर्याय पुढे ठेवले तर आपण योग्य पर्याय ओळखतो. कोड्यात पर्याय नसतात. शब्द आपल्याच डोक्यातून शोधून काढावा लागतो, आणि असा ओढून काढलेला शब्द नुसत्या वाचलेल्या शब्दापेक्षा पक्का बसतो. अडलो तर आडव्या-उभ्याची गाठ मदत करते. 'बाबासाहेबांनी १९२० साली सुरू केलेले पाक्षिक', पाच चौकटी. उभ्या शब्दामुळे मधला 'ना' आधीच भरलेला असेल तर 'मूकनायक' ओठावर येतोच. चूक झाली तर तीही तिथेच उघडी पडते, कारण दुसरा शब्द बसत नाही. शिवाय त्याच त्या सूचना आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा येतात. म्हणून दुसऱ्या दिवशी उत्तरे नक्की पाहा, आणि नवा शब्द आपल्या बोलीतल्या वाक्यात एकदा मोठ्याने बोला. नुसत्या चौकटी भरून पेपर टाकून दिला तर शिकणे अर्धेच राहते.

म्हातारपणी विसरभोळेपणा येऊ नये म्हणून कोडी सोडवा, असे हल्ली मोबाईलवर फिरते. त्यात खरे किती? अमेरिकेतल्या कोलंबिया आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्मरणशक्ती थोडी कमी झालेल्या १०७ जणांना त्यांनी दोन गटांत विभागले. एका गटाला संगणकावर शब्दकोडी दिली, दुसऱ्याला मेंदूचे म्हणून विकले जातात तसले खेळ. ७८ आठवड्यांनंतर शब्दकोडेवाल्यांची स्थिती बरी होती, रोजच्या कामातही. मात्र काहीच न करणारा तिसरा गट या अभ्यासात नव्हता, आणि माणसेही थोडी होती. त्यामुळे कोडे म्हणजे औषध, असे आम्ही सांगणार नाही. मोबाईलवर पैसे भरून मेंदूचे खेळ घेण्यापेक्षा शिळ्या पेपरातले कोडे वाईट नाही, एवढे मात्र सांगू.

आपल्यासाठी याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. भारतात साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांत, खेड्यांत आणि शाळा न शिकलेल्यांत तो जास्त आढळला. लहानपणी शिक्षण न मिळणे हे या आजाराच्या कारणांपैकी एक धरले जाते. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर, कमी ऐकू येणे आणि उपचार न केलेली कमजोर नजर ही त्याच यादीतली. ज्यांना शाळेच्या बाहेर ठेवले, त्यांच्याच म्हातारपणावर हा आजार जास्त येतो. याला नशीब म्हणायला आम्ही तयार नाही.

दसरा-दिवाळीनंतर गेवराई तालुक्यातल्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि घरात आजी-आजोबा व नातवंडे उरतात. कोड्यासाठी ही जोडी उत्तम आहे. नात सूचना वाचते, आजी उत्तर सांगते, नात लिहिते. आजीला अक्षरओळख नसली तरी अडत नाही, कारण शब्द तिच्याकडे ढिगाने असतात.

अडचण येते ती सूचनांची. पेपरातल्या कोड्यांना कमळाची दहा नावे हवी असतात, सूर्याची बारा, आणि पुराणातल्या राण्यांची तर मोजदाद नाही. आजीचे वाढे, पाचट, मोळी, फड हे शब्द तिथे क्वचितच येतात, मग तिला वाटते की आपल्याला काही येत नाही. म्हणून कोडे घरीच तयार करा. चौकटीच्या वहीचे एक पान पुरते. आडवा शब्द 'मुकादम' घ्या. त्यातल्या 'द'पासून खाली 'दवाखाना' येतो, 'म'पासून 'मजुरी'. 'हंगामाआधी घेतलेली रक्कम, तीन चौकटी' म्हटले की आजी लगेच 'उचल' म्हणते.

अशा कोड्यात दवाखान्याचे शब्द जरूर घाला. रक्तक्षय, क्षयरोग, गर्भाशय, संमती. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पोटदुखी, अंगावरून जाणे, खाडा झाला तर कापली जाणारी मजुरी, कॅन्सरची भीती, अशा कारणांनी बाई ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचते आणि संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा देते. कागदावर कोणता अवयव काढणार ते लिहिलेले असते. 'गर्भाशय' हा शब्द जिने एकदा स्वतः चौकटीत भरला आहे, ती तो कागदावर ओळखेल आणि 'हे कशासाठी? औषधाने भागणार नाही का? दुसऱ्या डॉक्टरांना विचारू का?' असे म्हणायला तिला जागा मिळेल. 'संमती'ची सूचना आम्ही अशी देतो : 'समजून दिलेला होकार, तीन चौकटी.'

कोडे करता करता तपासणीही होते. चाळिशी उलटलेला माणूस पेपर हात लांब करून धरत असेल तर त्याला जवळच्या चष्म्याची गरज आहे. 'मला वाचनाची आवड राहिली नाही' म्हणणाऱ्या कितीतरी जणांची आवड चष्म्याबरोबर परत येते. एखादा शब्द ओठावर येऊन अडला तर घाबरू नका, ते सगळ्यांचेच होते. पण नेहमीच्या वाटेवर चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारणे, असे सुरू झाले तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. थायरॉईड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मनाची उदासी यांमुळेही असे होते, आणि त्यावर उपचार आहेत. सरकारी दवाखान्यात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. घरचे कुणी बरोबर जा, कारण विसरणाऱ्याला आपण काय विसरतो ते सांगता येत नाही.

आता तुमच्यासाठी तीन सूचना. 'जमिनीखाली वाढणारे पिवळे औषध, जेवणात रोज', तीन चौकटी, सुरुवात 'ह'. 'दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकी तपासा', तीन चौकटी, शेवट 'ला'. 'नवरा-बायको दोघे मिळून एकच मोजतात', तीन चौकटी, सुरुवात 'को'. उत्तरे पुढच्या अंकात.