अंगठा देण्याआधी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोका पातळी ४५ फूट. आता अशा पुरातल्या नुकसानीचा पंचनामा झाला, यादीत नाव आलं, की विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी करावी लागू शकते. मदत आधारला जोडलेल्या खात्यात जमा होते.

कराड असो की पलूस, ऊसतोडीनं झिजलेला अंगठा यंत्रावर चटकन उमटत नाही. पुसून पुन्हा टेकवायच्या घाईत पडद्यावरचा संमतीचा मजकूर वाचायचा राहतो. तो वाचून दाखवायला जरूर सांगा. आधार कायद्याच्या कलम ८ नुसार कोणती माहिती घेतली जातेय, कशासाठी आणि पर्याय काय, हे सांगणं बंधनकारक आहे. फोनवर कुणी ओटीपी मागितला, तर मात्र मुळीच देऊ नका.