गोळ्या खपल्या, चाचण्यांत काय दिसलं?

2020च्या उन्हाळ्यात रोगप्रतिकारशक्तीची चर्चा घराघरांत पोहोचली आणि 'क' जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्यांची, झिंकची मागणी एकदम वाढली. भीतीच्या काळात माणसाने हाताशी असेल ते धरणं स्वाभाविक होतं. त्याबद्दल कुणाला हसू नये.

पुरावा मात्र वेगळंच सांगतो. अमेरिकेतल्या एका चाचणीत घरीच उपचार घेणाऱ्या 214 कोरोनाबाधितांपैकी काहींना रोज 8 ग्रॅम 'क' जीवनसत्त्व, काहींना 50 मिलिग्रॅम झिंक, तर काहींना दोन्ही दिलं गेलं. लक्षणं ओसरायचा काळ लक्षणीय कमी झाला नाही. चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. ब्राझीलमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या 240 जणांच्या चाचणीत 'ड' जीवनसत्त्वाचा दोन लाख युनिटचा एकच डोस तपासला गेला. त्यानेही रुग्णालयातला मुक्काम घटला नाही.

'नैसर्गिक आहे, मग अपाय कसला?' हा समज जास्त घातक. मुंबईत 2020च्या अखेरच्या महिन्यांत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्या निष्कर्षावर हरकत घेतली.

झिंक दिवसाला 40 मिलिग्रॅमहून जास्त, तेही दीर्घकाळ घेतलं तर शरीरातलं तांबं घटू शकतं. 'ड' जीवनसत्त्व मेदात विरघळतं, म्हणून जादा झालेलं साठत जातं; रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर ताण येतो. तपासणीत कमतरता दिसली असेल तर गोळी जरूर घ्या, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि तेवढेच दिवस.