क्षौरोत्तर पिडका : कारणे व प्रतिबंध

दाढी केल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हनुवटीखाली व मानेवर उठणाऱ्या बारीक, खाजऱ्या पिडकांकडे रुग्ण सहसा लक्ष देत नाही आणि चिकित्सकही 'उष्णता वाढली आहे' एवढे सांगून मोकळा होतो. हिंगोलीत मात्र या तक्रारीला निराळे महत्त्व आहे. येथे राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे; शिवाय भरतीची तयारी करणारे तरुण खेडोपाडी आहेतच. गणवेशातील नोकरी म्हणजे रोजची गुळगुळीत दाढी. ज्याला दाढी राखण्याची मुभा नाही, त्याला 'महिनाभर वस्तरा लावू नका' हा सल्ला काय कामाचा?

ही मुखदूषिका नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. सुश्रुतांनी क्षुद्ररोगांत वर्णिलेली मुखदूषिका कफ, वात व रक्त यांच्या दुष्टीने तरुणांच्या मुखावर शाल्मलीच्या काट्यासारखी उत्पन्न होते. प्रस्तुत पिडकेचे कारण आगंतु आहे. कुरळा केस तिरपा कापला गेला की त्याचे टोक अणकुचीदार होते व वाढताना वळून शेजारच्या त्वचेत शिरते. त्वचा ताणून किंवा दोन-तीन पात्यांच्या रेझरने दाढी केल्यास केस त्वचेच्या पातळीखाली तुटतो आणि रोमकूपाची भिंत आतूनच भेदतो. शरीर त्याला शल्य मानते. शोथ, कंडू, पाक व पुढे राहणारे काळे डाग हे त्याचेच परिणाम होत. शल्य आत असेतो मंजिष्ठा-सारिवा कितीही दिल्या तरी नव्या पिडका येतच राहतात.

चरकांनी सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात पंधरवड्यातून तीन वेळा केस, श्मश्रू व नखे कापण्यास सांगितले आहे. म्हणजे साधारण पाच दिवसांनी एकदा. ज्याला शक्य आहे त्याने हेच पाळावे. ज्याला रोज दाढी करणे भाग आहे त्याने ट्रिमर वापरून सुमारे १ मिलिमीटर खुंट राखावेत. लांबून चेहरा स्वच्छच दिसतो. तेही चालत नसेल तर दाढी स्नानानंतर, केस कोमट पाण्याने मऊ झाल्यावर करावी. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही, म्हणून गोडे पाणी वेगळे ठेवावे. पाते एकच व धारदार असावे, त्वचा ताणू नये, एकाच जागी पुनःपुन्हा फिरवू नये. सुश्रुतांनी आलेप प्रतिलोम लावण्यास सांगितले, कारण औषध रोमकूपांत शिरावे. वस्तरा मात्र अनुलोमच चालवावा.

दाहासाठी शतधौत घृताचा पातळ लेप उत्तम. लोध्र, धने व वेखंड यांचा लेप प्रसिद्ध आहे, परंतु तो ताज्या क्षौरावर लावू नये, वेखंड झोंबते. लेप वाळल्यावर ठेवू नये आणि रात्री लावू नये, हे सुश्रुतवचन रुग्णास आवर्जून सांगावे. आपल्या जिल्ह्यात हळदीचा मोह अनावर असतो आणि २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर तो वाढलाच असेल! हळद व्रणरोपण आहे खरी; तथापि काहींच्या त्वचेला ती सोसत नाही. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावी. केशकर्तनालयातील सर्वांसाठी एकच असणारा तुरटीचा खडा मात्र नकोच. स्वतःचा खडा न्यावा, पातेही समोर नवे लावून घ्यावे.

अधिक चिंता वाटते ती औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना नेलेल्या स्टिरॉइडयुक्त मलमांची. २०१८ साली केंद्र शासनाने अशी अनेक मलमे अनुसूची 'एच'मध्ये घातली, तरी ती मागितल्यावर मिळतात. दोन दिवसांत लाली उतरते, म्हणून रुग्ण ती महिनोन्‌महिने लावतो. त्वचा पातळ होते, केशिका दिसू लागतात आणि नायटा असल्यास तो दबून पसरतो. अशा रुग्णाच्या हाती लेप देण्याआधी घरातली ट्यूब मागवून नाव वाचावे. कडेने पसरणारे चट्टे, केस सहज उपटून येणे, पू, ज्वर किंवा कठीण उंचवटे बनलेले व्रणचिन्ह दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे. पिडका वारंवार पिकत असल्यास रक्तशर्करा तपासून घ्यावी.