शोरूममधली फरशी आणि आपली न्हाणी

घराचं काम निघालं की आपण तालुक्याला टाइल्सच्या शोरूममध्ये जातो. तिथं नुसत्या फरश्या रचलेल्या नसतात, अख्खी न्हाणी, अख्खं स्वयंपाकघर उभं केलेलं असतं. आरसा, कुंडी, वरून पिवळा दिवा. आत पाऊल टाकल्यावर आपल्याला ते आपलंच घर वाटावं, म्हणून ती मांडणी. त्यात वाईट काही नाही. भिंतीवर नक्षी कशी दिसेल ते कळतं. पण तिथल्या न्हाणीत पाणी नसतं! आमच्या गटातल्या एका ताईंनी अशीच चकचकीत फरशी बसवली. आठ दिवसांत सासूबाई घसरल्या, मनगट मोडलं.

म्हणून नमुन्याची एक फरशी मागून घ्या आणि दाराबाहेर उजेडात न्या. पिवळ्या दिव्याखाली पांढरा रंगही सोनेरी दिसतो. मग तिच्यावर साबणाचं पाणी ओता, अनवाणी पाय घासून बघा. संकोच कसला, पैसे आपणच मोजणार. न्हाणीच्या जमिनीला खरखरीत, मॅट फिनिशचीच घ्या. चकचकीत भिंतीला चालते.

१० बाय १२ची खोली म्हणजे १२० चौरस फूट. तुटफुटीला १० टक्के जादा धरा, १३२ होतात. आणि माल गाडीत चढण्याआधी सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर, शेड नंबर एकच आहे ना, ते वाचा. मागाहून आणलेल्या खोक्याचा रंग जुळेलच असं नाही.