दोन मापांवरून विजेचा हिशेब

विजेच्या उपकरणाला मिळणारा दाब आणि त्यातून वाहणारी धारा कळली, की त्याचा रोध आणि त्याला लागणारी शक्ती साध्या भागाकार-गुणाकाराने काढता येते. दाब व्होल्टमध्ये, धारा अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे, तापमान कायम असताना धातूच्या तारेतील धारा दाबाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दाबाला धारेने भागले की रोध मिळतो. दाब आणि धारा यांचा गुणाकार म्हणजे शक्ती.

पाणी तापवण्याचा रॉड २३० व्होल्टवर ६.५ अँपिअर घेत असेल, तर त्याचा रोध सुमारे ३५ ओहम आणि शक्ती सुमारे १,५०० वॅट होते. दाब १८० व्होल्टवर उतरला, तर धारा ५.१ अँपिअरच राहते आणि शक्ती ९१५ वॅटच्या आसपास येते. दाब २२ टक्क्यांनी घटतो, शक्ती मात्र ३९ टक्क्यांनी. कारण रोध तोच असताना शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. १,००० वॅट तासभर वापरले की एक युनिट होते. कमी दाबात पाणी तापायला वेळ अधिक लागतो, त्यामुळे बिल वाचत नाही.

बुलडाणा जिल्ह्यात चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावांच्या शिवारात हा हिशेब विहिरीवरच्या मोटारीसाठी करावा लागतो, आणि तिथे सूत्र थोडे बदलते. थ्री फेज मोटारीची शक्ती काढताना दोन फेजमधील दाब, एका फेजची धारा, १.७३ आणि पॉवर फॅक्टर (दाब-धारेच्या गुणाकारातला प्रत्यक्ष शक्तीचा वाटा) यांचा गुणाकार करतात. पाच हॉर्सपॉवरची मोटार ४१५ व्होल्टवर ७.५ अँपिअर घेत असेल आणि पॉवर फॅक्टर ०.८५ असेल, तर ती सुमारे ४,६०० वॅट, म्हणजे तासाला ४.६ युनिट वीज घेते. त्यातले ३,७३० वॅट, म्हणजेच पाच हॉर्सपॉवर, पंप फिरवण्यास मिळतात; बाकीच्यांची मुख्यतः उष्णता होते.

मोटारीच्या दाबाला धारेने भागून वाइंडिंगचा रोध मात्र मिळत नाही. फिरत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाइंडिंगमध्ये उलट दाब तयार होतो आणि धारेवर त्याचाच अंकुश असतो. रब्बीच्या ओलितात एकाच डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, अनेक मोटारी एकदम सुरू झाल्या की दाब पडतो. रॉडची धारा अशा वेळी घटते, पण पाणी उपसण्याचा भार तेवढाच असल्याने मोटार जास्त धारा ओढते. वाइंडिंगमधील उष्णता धारेच्या वर्गाप्रमाणे वाढते. धारा ८ वरून १० अँपिअर झाली, तर उष्णता दीडपटीहून अधिक होते. कमी दाबात मोटार जळते ती यामुळेच.

केबलचाही रोध असतो. अडीच चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या केबलने १०० मीटरवर सिंगल फेज पंप जोडला, तर जाण्यायेण्याच्या २०० मीटर तारेचा रोध सुमारे दीड ओहम होतो. ८ अँपिअर धारेला तिथे १२ व्होल्ट पडतात आणि ९६ वॅट वाया जातात. चार चौरस मिलिमीटरची केबल घेतली, तर हे नुकसान जवळपास ४० टक्क्यांनी कमी होते.

धारा मोजताना टाँग टेस्टरच्या जबड्यात एकच तार घ्यावी. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा घेतल्या, तर काटा शून्यावर राहतो. साधा मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून थेट पुरवठ्याच्या दोन टोकांना कधीही लावू नये. त्याने शॉर्टसर्किट होते.