कल्याणीचा मत्स्यविनोद आणि मांगुराचे बीज

ज्या कल्याणनगरीस आज आपण बसवकल्याण म्हणतो, तेथून राज्य करणाऱ्या चालुक्य सोमेश्वर तृतीयाने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा जो विशाल संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, त्यातील ‘मत्स्यविनोद’ प्रकरणात माशांच्या जाती, त्यांचे खाद्य व गळ टाकण्याची रीत इतक्या तपशिलाने नमूद आहे की, मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. माशांकडे अशा आस्थेने पाहणाऱ्या या मुलखात बिनखवल्याच्या मांगुराची कैफियत मांडणे मला अगत्याचे वाटते.

मांगुराच्या कल्ल्यांवर झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरलेले एक जादा श्वसनेंद्रिय असते, आणि त्याच्या बळावर तो बाहेरची हवा घेत आटत्या, गढूळ तळ्यातही तग धरतो. पावसाचा भरवसा नसलेल्या आमच्या भागातील शेततळ्यांस याहून अनुरूप मासा क्वचितच सापडेल. अडचण आहे ती बीजाची. पावसाळ्यात उथळ पाण्यातल्या खळग्यात अंडी घालणारी मादी बंदिस्त हौदात आपण होऊन सहसा अंडी सोडीत नाही. डॉ. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पीयूषग्रंथीचा अर्क टोचून देशी कार्प माशांचे प्रजनन घडविले. तोच मार्ग पुढे मांगुरासही लागू पडला.

इंजेक्शन दिल्यावर सुमारे सोळा-सतरा तासांनी मादीचे पोट हलक्या हाताने दाबताच तपकिरी, चिकट अंडी ताटात उतरतात. नराचे शुक्रद्रव्य मात्र असे निघत नाही. त्याला मारून वृषण काढावे लागतात, ते मिठाच्या सौम्य द्रावणात कुस्करून अंड्यांवर घालावे लागतात आणि पक्ष्याच्या पिसाने हळुवार कालवावे लागतात. नराचा बळी देऊन मिळविलेले हे बीज हयगयीने गमावणे मला अक्षम्य वाटते.

साधारण एका दिवसात अंडी फुटतात आणि तीन-चार दिवस पोटाखालच्या बलकावर पिल्लांचा निर्वाह होतो. त्यानंतर मात्र प्लवंग, आर्टेमिया यांसारख्या सजीव अन्नाची तजवीज वेळेवर झाली नाही, तर ती झपाट्याने मरतात. दहा-अकराव्या दिवसापासून ती हवेसाठी वर येऊ लागतात, म्हणून पाणी उथळच ठेवावे. आणि थोरली धाकट्यांस खातात, म्हणून आकारवार निवड करीत राहावे.

हे कष्ट टाळण्यासाठी काहीजण झपाट्याने वाढणारा आफ्रिकी वंशाचा ‘थाई मांगूर’ आणतात. तो अतिशय खादाड असून तळ्यातून ओढ्यात निसटला, तर देशी माशांचा फडशा पाडतो. म्हणूनच भारतात त्याच्या पालनास मनाई आहे. शेतकरी बंधूंनी बोटुकली (बोटाएवढे पिल्लू) घेण्यापूर्वी तिचा वंश विचारावा, आणि विक्रेत्यास खात्रीलायक उत्तर देता आले नाही, तर ती घेऊच नये.