मेंदूचा ऱ्हास आणि मूक आर. एन. ए.

वृद्धापकाळीं मनुष्यास आपल्या मुलांचीं नांवें आठवेनाशीं व्हावीं, ओळखीच्या रस्त्यानें घरीं परततां येऊं नये, यांत केवळ वयाचा दोष नसून पुष्कळदां तो एक रोग असतो. जर्मन वैद्य अलोइस अल्झायमर यांनीं १९०६ सालीं त्याचें वर्णन प्रथम विद्वानांपुढें मांडलें. या रोगांत मेंदूंतील पेशी हळूहळू नाश पावतात, आणि गेलेल्या पेशींची जागा सहसा भरून येत नाहीं. या नाशाचीं कारणें शोधतांना शास्त्रज्ञांचें लक्ष आर. एन. ए. नांवाच्या द्रव्याकडे वळलें आहे.

डी. एन. ए. हें पेशीच्या केंद्रांत जपून ठेवलेलें मूळ दप्तर होय. एखादें प्रथिन तयार करावयाचें असल्यास त्यांतील तेवढ्याच मजकुराची नक्कल बाहेर जाते. ती नक्कल म्हणजे संदेशवाहक आर. एन. ए. मनुष्याच्या या दप्तरांत सुमारें ३ अब्ज अक्षरें आहेत. परंतु प्रथिनांची कृति सांगणारा भाग शेंकडा २ हूनही कमी आहे. उरलेल्या भागाच्याही पुष्कळ नकला निघतात, पण त्यांपासून प्रथिन होत नाहीं. म्हणून त्या निरर्थक असाव्यात, अशी समजूत दीर्घकाळ होती.

ती समजूत एका क्षुद्र कृमीनें ढळविली. १९९३ सालीं अमेरिकेंत व्हिक्टर ॲम्ब्रोस व गॅरी रव्हकुन यांनीं, सुमारें १ मिलिमीटर लांबीच्या कृमींत, अवघ्या २२ अक्षरांचें एक आर. एन. ए. दुसऱ्या नकलेस चिकटून तिचें काम थांबवितें, असें दाखविलें. ही चिमुकली चिठ्ठी स्वतः कांहीं बनवीत नाहीं. पण काय व किती बनावें यावर तिची हुकमत चालते. या शोधाबद्दल उभयतांस २०२४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां याचा मेंदूशीं संबंध पाहूं. अल्झायमर रोगांत ॲमिलॉइड नांवाचें द्रव्य पेशींभोंवतीं सांचतें. तें एका मोठ्या प्रथिनापासून तोडून काढतांना पहिला घाव 'बेस-१' हें एन्झाईम घालतें. दप्तरांतील त्याच मजकुराच्या उलट बाजूवरून एक मूक नक्कल निघते. ती बेस-१ च्या नकलेस बिलगून तिला लवकर नष्ट होऊं देत नाहीं. रुग्णांच्या मेंदूंत ही मूक नक्कल अधिक असल्याचें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. उलट, बेस-१ ला आवर घालणाऱ्या कांहीं चिठ्ठ्या अनेक रुग्णांत कमी झालेल्या त्याच वर्षीं आढळल्या. लगाम सैल आणि टांच मात्र जोराची, असा हा प्रकार! तथापि हें रोगाचें कारण कीं परिणाम, याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.

हातपाय लुळे करणाऱ्या ए. एल. एस. रोगाच्या कांहीं रुग्णांत, एका जनुकाच्या प्रथिन न सांगणाऱ्या भागांत सहा अक्षरांचा एकच शब्द शेंकडों वेळां आलेला २०११ सालीं दिसून आला. अशा नकलांच्या गांठी बनून उपयुक्त प्रथिनें त्यांत अडकून पडतात. त्या नकला नष्ट करणाऱ्या एका औषधाच्या चांचणींत मात्र रुग्णांस लाभ झाला नाहीं, असें २०२२ सालीं जाहीर झालें.

म्हणून निराश होण्याचें कारण नाहीं. लहान मुलांच्या कण्यांतील मज्जापेशी नष्ट करणाऱ्या रोगावर 'नुसिनर्सेन' या औषधास २०१६ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. आर. एन. ए. च्या ज्या भागास पूर्वी निरर्थक मानीत, त्यासच चिकटून तें आवश्यक प्रथिन वाढवितें. आणि एरव्हीं जीं बालकें कधींच बसूं शकलीं नसतीं, त्यांपैकीं कांहीं आधारावांचून बसूं लागलीं. सृष्टींत ज्याचा अर्थ आपणांस कळत नाहीं तें निरर्थक म्हणण्याची घाई करूं नये, हाच या शोधांचा विद्यार्थ्यांस बोध होय.